व्हिडिओ गेमचं जाहीर प्रगटन

अक्काच्या सुनेचा, रेणूचा फोन सकाळी दहाच्या सुमारास आला. "मामा, अक्का गेल्या," एवढं बोलून तिने तपशील सांगितला. अक्काने साडेसहाला चहा घेतला, स्वयंपाकाच्या बाईला डाळ भिजत घालायला सांगितली, पाठ टेकते म्हणून पलंगावर आडवी झाली आणि पुन्हा उठली नाही. मी नांदेडहून लातूरची बस धरली. लोहा मागे पडल्यावर लक्षात आलं की दुःख आहे, पण ज्याची मला धास्ती होती ते घडलेलं नाही. हीच बातमी वर्षभरापूर्वी आली असती, तर अक्का एक प्रश्न मनात घेऊन गेली असती. तो प्रश्न तिने सव्वीस-सत्तावीस वर्षं कोणाला सांगितला नव्हता. तो सुटला, आणि ती सुटलेली असताना गेली.

अक्का म्हणजे माझी आत्येबहीण, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. भूकंप झाला त्या वर्षी मी एका दैनिकाच्या लातूर कार्यालयात नुकताच रुजू झालो होतो आणि तिच्याकडेच राहत होतो. तिचे यजमान पाटबंधारे खात्यात कारकून होते. ते भूकंपाच्या दोन वर्षं आधी वारले होते. घर म्हणजे रस्त्याकडे स्लॅबच्या दोन खोल्या आणि मागे पत्र्याची लांबलचक शेड. भूकंपानंतर मदतीला आलेल्या स्वयंसेवकांसाठी अक्का त्या शेडमध्ये भाकरी करू लागली. आधी गल्लीतल्या बायका सोबतीला होत्या. पुढे त्या आपापल्या घरी गेल्या आणि ही एकटीच थापत राहिली. मी रोज जीपमधून गावांकडे जात असे. परत आलो की ती विचारायची, "आज किती माणसं जेवली रे तिकडं?" किती गेली, हे तिने एकदाही विचारलं नाही. ते आकडे मी कार्यालयात देत होतो, घरी तिला जेवणाऱ्यांचे सांगत होतो.

मदतीचं काम संपलं आणि मोठी पातेली घरात उरली. त्याच सुमारास लातूरच्या शिकवण्यांचं नाव जिल्ह्याबाहेर गेलं होतं. नांदेड, परभणी, बीडकडचे पालक मुलांना घेऊन यायला लागले होते, पण भूकंपाची भीती अजून अंगात होती. खोली बघायला आलेला बाप पहिल्यांदा मान वर करायचा. "वर स्लॅब हाय का पत्रा?" "पत्रा," अक्का सांगायची. "मग ठीक." उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली भट्टी होई, तरी शेड सगळ्यांत आधी भरायची. अशी अक्काची मेस सुरू झाली. बारा पोरं राहायला, चाळीसेक जेवायला. पोरं तिला मावशी म्हणत, आणि पालकही मावशीच म्हणत, काही जण तर वयाने तिच्यापेक्षा मोठे असून.

त्या काळात बारावीच्या पोरांच्या वस्तू जमा करण्याची एक रीत पडली होती. बाप पोराला सोडून जाताना वॉकमन, रेडिओ, बॅट, कॅरमचा स्ट्रायकर अशी जी काही करमणूक असेल ती काढून घ्यायचा आणि मेसवालीच्या ताब्यात द्यायचा. निकाल लागला की परत न्यायची. अक्काकडे त्यासाठी एक लोखंडी कपाट होतं. प्रत्येक वस्तूला कापडाची चिंधी बांधलेली, चिंधीवर मार्किंगच्या शाईने नाव आणि गाव. तिच्या कपाटातून एकही वस्तू हरवली नाही. त्यापेक्षा तिला मोठा अभिमान होता तो शब्दाचा. एकदा आत गेलेली वस्तू निकालाआधी बाहेर येत नसे. पालक एकमेकांना तिचं नाव सांगायचे ते जेवणासाठी कमी आणि कपाटासाठी जास्त.

याच कपाटात एके वर्षी एक जपानी व्हिडिओ गेम आला. किनवट तालुक्यातल्या इस्लापूरच्या एका प्राथमिक शिक्षकांनी, गुरुजींनी, आपल्या प्रदीप नावाच्या मुलाला आणून सोडलं आणि सोबत हा डबा दिला. प्रदीपचे मामा मालवाहू जहाजावर कामाला होते. त्यांनी तो थेट जपानातून आणला होता. बाजारात मिळणाऱ्या नकलांपैकी नव्हता. लाल-पांढऱ्या प्लास्टिकचं वहीएवढं यंत्र, त्याला वायरने कायमचे जोडलेले दोन रिमोट, जपानी अक्षरांच्या पाच कॅसेटी. आपली वीज त्याला झेपत नसे म्हणून जड ट्रान्सफॉर्मर लावावा लागे, आणि त्यातलं चित्र आपल्या टीव्हीवर येत नव्हतं म्हणून नांदेडच्या एका मेकॅनिकने आत तारा डाकून वेगळी वायर बाहेर काढून दिली होती. दुसऱ्या रिमोटला छोटा माइक होता. त्यात बोललं की आवाज टीव्हीतून यायचा.

"मावशी, ह्याला मेडिकलला घालायचंय," गुरुजी म्हणाले होते. "हे खूळ तुमच्या कपाटात. निकालापर्यंत उघडायचं न्हाई."

"न्हाई उघडणार," अक्काने सांगितलं.

पुढचं मला अनेक वर्षांनी कळलं. तिने सांगितलं त्याच क्रमाने लिहितो. अक्का पोरांची तब्येत ताटावरून ओळखायची. दिवाळीनंतर प्रदीपच्या ताटात रोज अर्धी भाकरी राहू लागली. बोलणं कमी झालं. एका रविवारी दुपारी, बाकीची पोरं कपडे धूत होती तेव्हा, तो कपाटापाशी येऊन म्हणाला, "मावशी, लई दिवस पडून राहिलं की आतलं गंजतं. नुसतं चालतं का बघू द्या." ही थाप आहे हे तिला कळलं होतं. तिने पुढच्या खोलीचं दार लावलं, कपाट उघडलं आणि घड्याळ दाखवलं. "अर्धा तास. एक मिनिट जास्ती न्हाई." त्या दिवशी संध्याकाळी त्याने पूर्ण भाकरी खाल्ली. पुढच्या रविवारी तिनेच त्याला हाक मारली. परीक्षेपर्यंत हे चाललं. ती शेजारी दुसरा रिमोट हातात धरून बसायची, आणि अर्धा तास झाला की त्याच्या माइकमध्ये म्हणायची, "परदीप, टैम झाला." टीव्हीतूनच मावशी बोलायची आणि पोरगं हसत हसत वायर काढायचं.

निकाल लागला. त्या वेळी बारावीच्या गुणांवरच मेडिकलचा प्रवेश ठरत असे आणि प्रदीपचे गुण थोडे कमी पडले. गादी आणि पेटी न्यायला गुरुजी एकटेच आले. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "मावशी, खरं सांगा. तो डबा बाहेर काढला होता का?"

"न्हाई," अक्का म्हणाली.

गुरुजींनी गादीची दोरी आवळली. मग म्हणाले, "ठेवा तुमच्यापाशीच. घरात नको." आणि गादी खांद्यावर टाकून निघून गेले.

अक्काने त्यानंतर इस्लापूरला दोन पत्रं टाकली, वस्तू घेऊन जा म्हणून. उत्तर आलं नाही. गुरुजींची बदली झाल्याचं कोणीतरी सांगितलं. वर्षं गेली. शिकवण्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, गल्लीत सहा मेस झाल्या, वॉकमन गेले आणि कपाटात मोबाईल आले. तो डबा मात्र वरच्या फळीवर चिंधीसकट तसाच होता. मी कधी विचारलं की ती म्हणायची, "एका पोराचा हाय. येईल." गेल्या वर्षी तिला हृदयाचा त्रास झाला आणि डॉक्टरांनी काम कमी करायला सांगितलं, तेव्हा तिने मेस सुनेच्या, रेणूच्या, हाती दिली आणि कपाट रिकामं करायला घेतलं. मी त्या वेळी लातूरलाच होतो. रेणू म्हणाली, "अक्का, असल्या जुन्या जपानी गेमला लई मागणी हाय ऑनलाइन. जमवणारे लोक असतात. विकून टाकू."

अक्का डबा मांडीवर घेऊन बसली होती. "दुसऱ्याची वस्तू हाय. इकायच्या आदी इचारायला नको?"

"कुणाला विचारणार? पत्ता कुठं हाय?"

"जमीन इकताना पेपरात देतात की. दिनू, तू लिवायचास न्हवं ते?"

जाहीर प्रगटन म्हणायचं होतं तिला. नोकरीच्या सुरुवातीला असली प्रगटनं मी शेकड्याने तपासली होती. मी समजावलं की जुन्या वस्तू विकण्याच्या वेबसाइटवर तसलं काही देत नाहीत. तिथे फोटो, वस्तूची अवस्था आणि किंमत टाकायची असते. तिला ते पटलं नाही. रेणू आत गेल्यावर तिने मला रविवारच्या अर्ध्या तासाची ही सगळी हकीकत सांगितली, आवाज न चढवता. शेवटी म्हणाली, "पोराचं मेडिकल माझ्यामुळं गेलं का, हे मला म्हाईत न्हाई. पन मी बापाला तोंडावर खोटं बोलले, हे म्हाईत हाय." मी कागद घेतला.

मजकूर नेहमीच्याच साच्यातला होता. तमाम जनतेस कळविण्यात येते की, खाली वर्णन केलेला जपानी बनावटीचा व्हिडिओ गेम, रिमोट दोन व कॅसेटी पाच यांसह, माझ्या ताब्यात आहे. त्याचे मूळ मालक चि. प्रदीप, मौजे इस्लापूर, यांचा ठावठिकाणा लागत नाही. सदर वस्तू विकण्याचे योजिले आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत कळवावे, अन्यथा कोणाचीही हरकत नाही असे समजून व्यवहार पूर्ण करण्यात येईल. रेणूने तो जसाच्या तसा वेबसाइटवर टाकला. किमतीचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता म्हणून तिथे एक रुपया लिहिला.

फोटोसोबत यंत्र चालू असल्याचं दाखवायला हवं होतं. रेणूने कुठूनतरी ट्रान्सफॉर्मर मिळवला आणि नव्या टीव्हीला वायर जोडली. दोनतीनदा कॅसेट काढून, फुंकून बसवल्यावर पडद्यावर निळं आभाळ आलं आणि हिरव्या टेकड्या. अक्का खुर्चीतून पुढे सरकली. "आगं, हे रंगीत हाय?" जुन्या टीव्हीवर या गेमचे रंग उमटत नसत, तिने सगळे रविवार काळ्या-पांढऱ्यातच पाहिले होते. ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "त्यानं बी घरी बिनरंगाचंच बघितलं आसंल..."

एका रुपयामुळे पहिल्या दिवशी इतके फोन आले की रेणूने दोनदा फोन बंद करून ठेवला. बहुतेकांना वाटलं फसवणूक आहे, काहींना वाटलं चेष्टा आहे. त्यात पुण्याचा केतन नावाचा एक तरुण होता, जुनी यंत्रं जमवणारा. त्याने नीट प्रश्न विचारले: प्लास्टिक पिवळं पडलंय का, तारा कोणी डाकल्या, दुसऱ्या रिमोटचा माइक चालतो का? व्हिडिओ कॉलवर अक्काने रिमोट तोंडाशी धरला. "हां, बोल बाबा. ऐकू यायलंय का?" टीव्हीतून तिचा आवाज आला. केतन हसून म्हणाला, "मावशी, उद्याच घ्यायला येतो."

"उद्या कसा येतोस? पंधरा दिवस व्हायचेत की."

"अहो, पण कोण हरकत घेणार?"

"न्हाई घेतली तर तुझं."

तो थांबायला तयार झाला. मात्र हे प्रगटन त्याने आपल्या जमवणाऱ्या मित्रांना पाठवलं, त्यांनी आणखी कोणाला, आणि ते गंमत म्हणून फिरत राहिलं. तेराव्या दिवशी दुपारी रेणूच्या फोनवर एका पुरुषाने मावशींशी बोलायचं आहे असं सांगितलं. रेणूने स्पीकर लावून फोन अक्काच्या हातात दिला.

"मावशी, मी प्रदीप. इस्लापूरचा. मला हरकत घ्यायची हाय."

अक्का म्हणाली, "घे की. मुदत परवापर्यंत हाय."

"आदी ओळखलंत का सांगा."

"अर्धी भाकर टाकणारा."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. हरकत वस्तूवर नव्हती. ठावठिकाणा लागत नाही, या वाक्यावर होती. तो नांदेडला रेल्वेत सिग्नल दुरुस्तीच्या कामावर होता. डिप्लोमा केला, नोकरी लागली, लग्न झालं, दोन मुली. नांदेडला त्याचं घर माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर होतं. अक्काने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या अर्ध्या तासानं तुझं वाईट झालं का रे?"

"काय बोलायलाव मावशी! माझं कायबी वाईट झालं न्हाई."

फोन ठेवल्यावर रेणूला वाटलं, प्रश्न मिटला. अक्काला तसं वाटलं नाही. पोरगं चांगलं आहे, तोंडावर दुसरं काय म्हणणार, असं ती म्हणाली. तिने संध्याकाळी पुन्हा फोन लावायला सांगितला. "तुझा बाप हाय का?" "हायेत की, गावाकडंच असतात." "त्यांना घिऊन ये. मला बोलायचंय." त्याने विचारलं कशाबद्दल, तिने सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात प्रदीपने वडिलांना गाडीतून आणलं. मी नांदेडला त्यांच्या गाडीत बसलो. गुरुजी ऐंशीच्या आसपासचे, ताठ बसणारे, एका कानाने कमी ऐकणारे. लातूर येईपर्यंत पिकांबद्दलच बोलले. अक्का पुढच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. तिने चहापाण्याची वाट पाहिली नाही. गुरुजी टेकतात न टेकतात तोच म्हणाली, "गुरुजी, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. डबा दर रविवारी उघडत होते. मीच."

गुरुजींनी मुलाकडे पाहिलं. प्रदीप खिडकीबाहेर बघत होता. त्यानेही घरी कधी सांगितलेलं नव्हतं.

"किती वेळ?" गुरुजींनी विचारलं.

"अर्धा तास."

"बस?"

"घड्याळ लावून."

शेडमधून ताटांचा आवाज येत होता. मग गुरुजी हळूहळू बोलू लागले, आणि जे बोलले ते माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी आधी कोणाला सांगितलेलं नव्हतं. "त्या दिशी मी ठरवूनच आलो होतो, मावशी. तुम्ही उघडला म्हणला असता, तर तुमच्या दारात फोडला असता तो. आन ह्याला पुन्हा बारावीला बसवला असता. एकदा न्हाई, मेडिकल लागंस्तवर. माझ्या शाळेतल्या एका मास्तरनं पोराला तीनदा बसवला. ते पोरगं पुढं कुणाशी बोलंनाच... तुम्ही न्हाई म्हणलात. बसमध्ये गादी मांडीवर घिऊन इचार केला. डबा बंद होता, म्हणजे पोरानं अभ्यासच केला. मग रागवायचं कुणावर? त्याच्यानं जेवढं झालं तेवढं त्यानं केलं. घरी गेलो आन म्हणलं, तुला काय शिकायचं ते शीक." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आज सांगितलंत ते बरं केलंत. तवा न्हाई सांगितलंत, ते लई बरं केलंत."

अक्का उठून आत गेली. रेणू बघायला निघाली तेवढ्यात आतूनच प्रश्न आला, "गुरुजी, चहात साखर चालती का?"

"चालती," गुरुजी म्हणाले. "डॉक्टरला सांगू नका."

प्रदीपने डबा परत नेला नाही. त्याच्या मुलींना त्यात रस नव्हता, आणि पडून राहण्यापेक्षा खेळणाऱ्याकडे जावा असं त्याला वाटलं. जाण्यापूर्वी त्याने एकदा तो टीव्हीला जोडला आणि वडिलांच्या हातात पहिला रिमोट दिला. पडद्यावरचा गुरुजींचा गडी तीन पावलांत खड्ड्यात पडला. "ह्याच्यासाठी एवढं?" ते म्हणाले. अक्काने प्रदीपकडून कागदावर "माझी हरकत नाही" असं लिहून सही घेतली. केतन ठरल्याप्रमाणे आला. तिने यंत्र जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून त्याला दिलं, वर तो कागद ठेवला, आणि कॅसेटी फुंकताना थुंकी उडवू नको असं दोनदा बजावलं. रेणूने वेबसाइटवर 'विकले' अशी खूण केली. त्या संध्याकाळी अक्का नेहमीपेक्षा दीड भाकरी जास्त जेवली, असं रेणूचं म्हणणं आहे. मी स्वतः मोजलेलं नाही.

नंतर एकदा मी तिला म्हणालो, तुझ्या खोट्याने पोरगं वाचलं. तिला ते आवडलं नाही. "उलटं बी झालं असतं. तवा काय म्हणला असतास?" पुन्हा कुठल्या पालकाशी खोटं बोलायची वेळ येऊ नये, हे मात्र तिने लावून धरलं. पुढच्या प्रवेशाच्या वेळी तिने रेणूकडून एक कागद लिहून घेतला आणि मेसच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवला: दर रविवारी दुपारी तीन ते साडेतीन कपाट उघडले जाईल व मुलांना वस्तू दिल्या जातील, पटत असल्यासच प्रवेश घ्यावा. दोन पालक परत गेले. अक्काला त्याचं काही वाटलं नाही. शेवटचे आठ महिने ती रविवारी खुर्ची कपाटापाशी घेऊन बसत असे आणि साडेतीनला नुसता हात पुढे करत असे.

तेरावं झाल्यावरच्या रविवारी मी तिथेच होतो. जेवणं झाली होती. लोह्याकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते, खांद्यावर गादी. त्यांनी दाराचा कागद दोनदा वाचला.

"ताई, हे आमच्यापुरतं वगळता येतंय का? आमच्या पोराला नको."

"न्हाई काका," रेणू म्हणाली. "पटत नसंल तर पलीकडच्या गल्लीत दुसरी मेस हाय. स्वयंपाक चांगला असतो त्यांचा."

ते गृहस्थ मुलाकडे बघत उभे राहिले. मुलगा जमिनीकडे बघत होता. आत घड्याळात तीन वाजले होते. रेणूने किल्ली घेतली, कपाट उघडलं आणि एकेक नाव पुकारायला सुरुवात केली. पोरं ओळीने येऊन मोबाईल नेत होती. अक्काची खुर्ची कपाटापाशी होती, तिच्यावर कोणी बसलं नव्हतं.

"अर्धाच तास ना?" गृहस्थांनी विचारलं.

"अर्धाच."

त्यांनी गादी खांद्यावरून उतरवली आणि भिंतीला टेकवून ठेवली.